गॅसची पाइपलाइन आणि आपले शेत



‘गॅस पाइपलाइन – खोदकाम करू नये’ असे लिहिलेला खांब आपण शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला पाहिला असेल. त्या खांबाच्या ओळीत, जमिनीखाली साधारण मीटर-दीड मीटर खोलीवर पोलादी नळ असतो आणि त्यातून रात्रंदिवस नैसर्गिक वायू वाहत असतो. हा वायू बराचसा समुद्राच्या तळाखालून काढलेला किंवा परदेशातून जहाजाने आणलेला असतो. त्यातला मोठा वाटा खत कारखान्यांत जातो आणि युरियाच्या रूपाने पुन्हा आपल्याच शेतात येतो. म्हणजे शेतकऱ्याचा या प्रकल्पांशी दुहेरी संबंध आहे. वाहिनीला जमीन त्याची लागते आणि वाहिनीतून तयार होणारे खतही त्यालाच लागते. तरीही नोटीस हातात पडेपर्यंत आपल्याला या विषयाची फारशी माहिती नसते. वायू कोठून येतो, कोठे जातो, वाहिनी आपल्या शेतातून जाणार असेल तर कायदा काय सांगतो आणि खोदकामात आपली माती कशी वाचवावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

वायुक्षेत्राचा विकास म्हणजे काय?

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, वरच्या घट्ट थराखाली अडकून राहिलेला असतो. प्रथम भूकंपलहरींच्या साह्याने भूगर्भाची पाहणी करतात. आशादायक ठिकाणी शोधविहीर खोदतात. वायू लागला तर आणखी विहिरी खोदून साठा किती, दाब किती, किती वर्षे पुरेल याचा अंदाज घेतात. त्यानंतरच उत्पादन विहिरी, समुद्रातील मंच, किनाऱ्यावरील शुद्धीकरण केंद्र आणि वाहिनी यांवर पैसा घातला जातो. या सर्व कामाला क्षेत्रविकास म्हणतात. त्यात कित्येक वर्षे जातात.

खनिज तेल आणि वायू यांत एक मोठा फरक आहे. तेल टाकीत साठवता येते, जहाजात भरता येते. वायूला मात्र वाहिनी पाहिजे. वाहिनी नसेल तर क्षेत्र सापडूनही उपयोग नाही आणि क्षेत्रातून वायू आला नाही तर वाहिनी ओस पडते. विहीर, पाट आणि रान या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय ओलीत होत नाही, तसाच हा प्रकार आहे. आपल्या देशात या दोन्ही गोष्टी घडून गेल्या आहेत.

मुंबई हाय ते जगदीशपूर

मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रात ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले. मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही वर येऊ लागला. परंतु तो वापरण्याची पुरेशी सोय नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या काळात बराच वायू समुद्रातच जाळून टाकावा लागला. पुढे समुद्रातून उरणपर्यंत वाहिनी आली आणि त्या वायूवर तुर्भे व अलिबाग तालुक्यातील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने चालू लागले. थळचा कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परिचित असलेला ‘उज्ज्वला’ युरिया याच कंपनीचा.

दरम्यान १९७६ मध्ये मुंबई हायच्या पूर्वेस वसईच्या समुद्रात मोठे वायुक्षेत्र सापडले. या वायूत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी व नळ गंजवणारा घटक असल्याने तो आधी शुद्ध करावा लागतो. त्यासाठी सुरतजवळील हजिरा येथे केंद्र उभारण्यात आले. आता हा वायू देशाच्या अंतर्भागात नेण्याचा प्रश्न होता. त्यासाठी ऑगस्ट १९८४ मध्ये गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिने हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही सुमारे १,७०० किलोमीटर लांबीची वाहिनी टाकली. गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश अशी ती गेली. वायूचा दाब वाटेत कमी होतो, म्हणून झाबुआ, विजयपूर, औरैया अशा ठिकाणी तो पुन्हा वाढवण्याची केंद्रे बसवली.

या वाहिनीचा एक प्रमुख हेतू खतनिर्मिती हाच होता. विजयपूर, आंवला, जगदीशपूर, गडेपान, बबराला आणि शाहजहानपूर असे सहा युरिया कारखाने १९८८ ते १९९५ या काळात तिच्या आधाराने सुरू झाले. खत बंदरातून शेकडो किलोमीटर वाहून नेण्याऐवजी वायूच गहू-भाताच्या पट्ट्यात नेला गेला.

हाच विचार पुढे पूर्व भारतात झाला. जगदीशपूर-हल्दिया-बोकारो-धामरा या वाहिनीमुळे अनेक वर्षे बंद असलेल्या गोरखपूर, बरौनी व सिंद्री येथील खत कारखान्यांच्या जागी नवे कारखाने उभे राहिले. गोरखपूरचा कारखाना डिसेंबर २०२१ मध्ये, तर सिंद्रीचा मार्च २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. यांपैकी प्रत्येकाची क्षमता वर्षाला १२.७ लाख टन युरियाची आहे.

एका गोणीत किती वायू?

वायू आणि पाण्याची वाफ यांची उच्च तापमानाला क्रिया घडवून हायड्रोजन मिळवतात. हवेतला नत्र त्याच्याशी जोडून अमोनिया तयार करतात. याच प्रक्रियेत निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड अमोनियाशी जोडला की ४६ टक्के नत्र असलेला युरिया तयार होतो. वायू येथे कच्चा माल आहे आणि इंधनही आहे.

चांगल्या कारखान्यात एक टन युरियासाठी ढोबळमानाने ६०० घनमीटर वायू लागतो. या हिशेबाने ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २७ घनमीटर वायू जातो. उष्णतेच्या मापाने पाहिले तर स्वयंपाकाचे साधारण दीड सिलिंडर एका गोणीत आहेत. ही गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण खर्चाचा मोठा भाग सरकार अनुदानातून भरते. देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण नैसर्गिक वायूपैकी सुमारे तीस टक्के वायू एकट्या खतनिर्मितीसाठी लागतो.

आता शेतातली स्थिती पाहा. फोकून दिलेल्या युरियातील नत्रापैकी पिकाला बहुधा निम्म्याहून कमी मिळते. उरलेले हवेत उडून जाते किंवा पाण्याबरोबर खाली झिरपते. समुद्राच्या तळापासून शेतापर्यंत आणलेला वायू शेवटच्या चार बोटांच्या मातीत असा वाया जातो. म्हणून नत्राची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी, ती विभागून द्यावी, खत वाफशावर देऊन मातीआड करावे आणि साचलेल्या पाण्यात किंवा कोरड्या जमिनीवर फोकू नये. ही शिफारस जुनी आहे. तिच्यामागे केवढा खटाटोप आहे, हे वरील हिशेबावरून लक्षात यावे.

क्षेत्र आटले तर?

आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यालगत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, खोल समुद्रात, रिलायन्स कंपनीला २००२ मध्ये मोठे वायुक्षेत्र सापडले. एप्रिल २००९ मध्ये तेथून वायू येऊ लागला. काकीनाड्याजवळील गाडीमोगा येथून भरूचपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटरची पूर्व-पश्चिम वाहिनी तयार होती आणि या वायूच्या वाटपात खत कारखान्यांना अग्रक्रम देण्यात आला. २०१० मध्ये उत्पादन दररोज सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत गेले. ते ८ कोटींपर्यंत जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते घसरत गेले, विहिरींत पाणी व वाळू येऊ लागली आणि काही वर्षांतच वाहिनीची बहुतेक क्षमता रिकामी राहू लागली. त्याच भागात शेजारची नवी क्षेत्रे विकसित करून डिसेंबर २०२० पासून पुन्हा उत्पादन वाढवण्यात आले.

ही तूट भरून काढण्यासाठी परदेशी वायूचा आधार घेतला जातो. वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. मग तो जहाजातून आणता येतो. यालाच एलएनजी म्हणतात. गुजरातमधील दहेज येथे २००४ मध्ये कतारहून पहिले जहाज आले. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथील केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. आज देशाच्या गरजेपैकी जवळजवळ निम्मा वायू असा आयात केलेला असतो. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानंतर जागतिक बाजारात वायूचे भाव भडकले, तेव्हा आपल्या खत अनुदानाचा बोजाही एकदम वाढला. गोणीची किंमत बदलली नाही, तरी तिच्यामागचा खर्च बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रातील वाहिन्या

दहेज-उरण-पनवेल-दाभोळ ही वाहिनी गुजरातमधून कोकणात उतरते. दाभोळ-बेंगळूरू ही सुमारे हजार किलोमीटरची वाहिनी रत्नागिरी, कोल्हापूर व बेळगावमार्गे पुढे जाते आणि तिचा एक फाटा गोव्याला गेला आहे. वर सांगितलेली पूर्व-पश्चिम वाहिनी महाराष्ट्र ओलांडूनच गुजरातेत जाते. अलीकडची मोठी वाहिनी म्हणजे मुंबई-नागपूर-झारसुगुडा. मुंबई ते नागपूर या टप्प्यात ती बहुतेक अंतर समृद्धी महामार्गाच्या हद्दीतील पट्ट्यातूनच नेण्यात आली.

या शेवटच्या उदाहरणाचे महत्त्व तामिळनाडूतील प्रकरणाशी ताडून पाहिले म्हणजे कळते. कोचीहून बेंगळूरूकडे जाणाऱ्या वाहिनीला तामिळनाडूच्या पश्चिम भागातील सात जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला. २०१३ मध्ये तेथील राज्य सरकारने वाहिनी शेतातून न नेता महामार्गाच्या कडेने न्यावी अशी भूमिका घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये निकाल गेलच्या बाजूने लागला. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. रस्ता आणि वाहिनी यांचे नियोजन एकत्र झाले तर शेतजमीन वाचू शकते. मात्र एकदा मार्ग कायदेशीररीत्या निश्चित झाला की तो बदलून घेणे फार अवघड होते. म्हणून शेतकऱ्याने सुरुवातीलाच जागे राहिले पाहिजे.

मालकी आपली, वापराचा हक्क कंपनीचा

वाहिनीसाठी जमीन संपादनाचा नेहमीचा कायदा लावत नाहीत. त्यासाठी ‘पेट्रोलियम व खनिज वाहिन्या, जमिनीतील वापर हक्क संपादन अधिनियम, १९६२’ हा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. यात जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. ठरावीक रुंदीच्या पट्ट्याखालून वाहिनी टाकण्याचा, तिची देखभाल व दुरुस्ती करण्याचा हक्क तेवढा घेतला जातो. कायद्यातील शेतकऱ्याच्या उपयोगाच्या तरतुदी अशा:

१. कलम ३ खाली केंद्र सरकार वापर हक्क घेण्याचा इरादा राजपत्रात जाहीर करते. त्यात गट क्रमांक व क्षेत्र दिलेले असते.

२. या अधिसूचनेपासून २१ दिवसांच्या आत हितसंबंधित व्यक्तीला सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. प्राधिकाऱ्याने तिचे म्हणणे प्रत्यक्ष किंवा वकिलामार्फत ऐकून घेणे बंधनकारक आहे. त्यानंतर कलम ६ खाली अंतिम घोषणा होते.

३. अधिसूचनेच्या लगतपूर्वी राहण्यासाठी वापरात असलेली जागा, घरालगतची जागा, पक्के बांधकाम असलेली जागा यांखालून वाहिनी नेता येत नाही. तसेच ती जमिनीच्या पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही.

४. काम झाल्यावर शेतकरी जमीन पूर्वीप्रमाणे वापरू शकतो. परंतु त्या पट्ट्यात घर किंवा कोणतेही बांधकाम करता येत नाही, विहीर, तळे, धरण खोदता-बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही.

५. पिकाचे, झाडांचे, जमिनीचे दोन भाग होऊन तात्पुरती अडचण झाली त्याचे व इतर मालमत्तेचे किंवा कमाईचे झालेले नुकसान भरून देणे बंधनकारक आहे. त्याशिवाय अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम वापर हक्काबद्दल मिळते.

६. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली भरपाई मान्य नसेल, तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, २० मीटर रुंदीचा पट्टा आपल्या शेतातून १०० मीटर लांबीने जातो. हे क्षेत्र २,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २० गुंठे होते. जमिनीचा बाजारभाव एकरी १० लाख रुपये धरला तर या अर्ध्या एकराची किंमत ५ लाख व तिचे १० टक्के म्हणजे ५० हजार रुपये होतात. पीक, झाडे, ठिबक, बांध यांची भरपाई वेगळी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हंगामी पिके घेणाऱ्याचे नुकसान बहुतांशी एक-दोन हंगामांचे असते. पण आंबा, डाळिंब, संत्रा यांच्या बागेतून किंवा गावठाणालगतच्या शेतातून पट्टा गेला, तर त्या ठिकाणी पुन्हा झाड नाही, विहीर नाही, शेततळे नाही आणि पुढच्या पिढीला घरही नाही. हे बंधन कायमचे असते. अशा शेतकऱ्याला १० टक्के रक्कम अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून अशा जमिनीच्या बाबतीत भरपाईच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष मार्गाकडे द्यावे. पट्टा शेताच्या मधोमध न जाता बांधाच्या कडेने जावा, ही हरकत नकाशासह पहिल्या २१ दिवसांत घेतली तरच तिचा विचार होण्यास वाव असतो.

नोटीस आल्यावर काय करावे?

१. नोटिशीतील गट क्रमांक, क्षेत्र व हरकतीची शेवटची तारीख प्रथम पाहावी. सातबारा उताऱ्याशी पडताळणी करावी. वारस नोंदी राहिल्या असतील तर त्या लगेच करून घ्याव्यात, नाहीतर भरपाई अडकते.

२. मोजणी नकाशावर पट्टा आखून मागावा. विहीर, बोअर, जमिनीखालून गेलेली पाण्याची पाइपलाइन, ठिबकची मुख्य नळी, बांध, चर, झाडे हे सर्व त्यावर दाखवावे.

३. पंचनामा होताना स्वतः हजर राहावे. झाडांची जात, वय, संख्या व उभ्या पिकाची अवस्था नीट नोंदवली आहे का, हे वाचूनच सही करावी. पंचनाम्याची प्रत घ्यावी.

४. शेताची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. मागील दोन-तीन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या, साखर कारखान्याची बिले जपून ठेवावीत.

५. काम सुरू होण्यापूर्वी पट्ट्यातील वरच्या व खालच्या थराचे मातीचे नमुने वेगवेगळे घेऊन तपासून ठेवावेत. पुढे जमीन बिघडल्याची तक्रार करावी लागली, तर हा अहवालच पुरावा ठरतो.

६. अधिसूचनेनंतर नवे बांधकाम किंवा सुधारणा करू नये. तिची भरपाई कायद्याने धरली जात नाही.

७. सरकारी योजनेतून शेततळे किंवा विहीर घ्यायची असेल, तर जागा पट्ट्याच्या बाहेर असल्याची आधी खात्री करावी.

खोदकामात माती सांभाळा

भरपाईचे पैसे एकदाच मिळतात, माती मात्र कायम आपल्याजवळ राहते. वाहिनीच्या कामात जमिनीचे नुकसान मुख्यतः तीन प्रकारे होते.

पहिला प्रकार म्हणजे थरांची सरमिसळ. वरच्या वीतभर थरात सेंद्रिय पदार्थ, जिवाणू व पिकाला लागणारी अन्नद्रव्ये असतात. त्याखाली आपल्याकडील अनेक जमिनींत चुनखडी किंवा मुरूम लागतो. चर खोदून सर्व माती एकाच ढिगात टाकली आणि तशीच परत लोटली, तर चुनखडी वर येते आणि सुपीक माती खाली गाडली जाते. अशा पट्ट्यात सोयाबीन, भुईमूग, ऊस ही पिके लोह व जस्ताच्या कमतरतेने पिवळी पडतात. शेताच्या मधून एक पिवळा पट्टा वर्षानुवर्षे दिसत राहतो. यावर उपाय एकच. वरचा २० ते ३० सेंटिमीटर थर आधी काढून वेगळ्या ढिगात, बांधाच्या बाजूला ठेवावा. खालची माती दुसऱ्या बाजूला टाकावी. बुजवताना खालची माती खाली आणि वरची माती शेवटी वर पसरावी. ही अट कामापूर्वी कंपनीच्या प्रतिनिधीकडून लेखी घ्यावी आणि चर खोदताना घरातले कोणी तरी शेतात उभे राहावे.

दुसरा प्रकार म्हणजे जमीन दबणे. अवजड यंत्रे व नळ वाहणारी वाहने फिरल्याने मातीतील पोकळ्या दाबल्या जातात. काळी जमीन ओली असताना हे नुकसान सर्वांत जास्त होते. म्हणून रब्बीची काढणी झाल्यापासून खरिपाच्या पेरणीपर्यंतच्या कोरड्या काळात काम उरकावे असा आग्रह धरावा. अवेळी पाऊस झाला तर वाफसा येईपर्यंत यंत्रे शेतात घालू देऊ नयेत.

तिसरा प्रकार म्हणजे पाण्याची वाट बिघडणे. बुजवलेला चर पहिल्या पावसाळ्यात खचतो. उताराच्या शेतात पाणी त्या खोलगटीने धावते व घळ पडते. सपाट शेतात तेथे पाणी साचते. म्हणून चर बुजवताना मातीचा हलका उंचवटा ठेवावा. फुटलेले बांध, समतल चर, पाणी निघण्याच्या चाऱ्या पूर्ववत बांधून घ्याव्यात. पाण्याची पाइपलाइन तुटली असेल तर ती जोडून, पाणी सोडून, तपासल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नये.

पहिली दोन वर्षे

काम झाल्यावर पट्ट्यातील दगड, मुरूम, वेल्डिंगचे तुकडे, पट्ट्या वेचून घ्याव्यात. पहिल्या खरिपात शक्य असेल तर तेथे ताग किंवा धैंचा पेरावा व सहा ते आठ आठवड्यांनी जमिनीत गाडावा. २० गुंठ्यांच्या पट्ट्याला ८ ते १० किलो धैंच्याचे बियाणे पुरते. नेहमीच्या मात्रेशिवाय दोन ते तीन टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पट्ट्यातील मातीचा नमुना उरलेल्या शेतापासून वेगळा घेऊन तपासावा. लोह व जस्ताची कमतरता आढळल्यास हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट व २० किलो झिंक सल्फेट या प्रमाणात, दहापट शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून द्यावे.

दबलेली जमीन मोकळी करण्यासाठी शेतकरी सबसॉयलर वापरतात. परंतु वाहिनीच्या पट्ट्यात कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय सबसॉयलर किंवा जेसीबी कधीही चालवू नये. माती खचली, धुपली तर नळावरचे आवरण मूळच्यापेक्षा कमी झालेले असू शकते. नेहमीची नांगरणी, वखरणी व हंगामी पिके यांस हरकत नसते.

सुरक्षितता

वाहिनी सुरक्षित राहावी म्हणून नळावर गंजरोधक थर देतात, प्रत्येक जोडाची क्ष-किरण तपासणी करतात, पाणी भरून दाबाची चाचणी घेतात आणि ठरावीक अंतरावर वायू बंद करण्याच्या झडपा बसवतात. तरीही धोका पूर्ण टळत नाही. मुख्य वाहिनीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ९० किलोच्या आसपास असू शकतो, तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातील हवेचा दाब एक-दीड किलोच असतो. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावात वायुवाहिनी फुटून आग लागली. त्यात वीसहून अधिक माणसे दगावली, घरे व नारळाच्या बागा जळाल्या. नळ आतून गंजला होता.

म्हणून पुढील खुणा ओळखून ठेवाव्यात. जमिनीतून सूं-सूं असा आवाज येणे, धूळ उडणे, साचलेल्या पाण्यात बुडबुडे येणे, पट्ट्यातील पीक एकाच जागी कारण नसताना वाळणे. स्वयंपाकाच्या गॅससारखा वास येईलच असे नाही, कारण नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो. अशी खूण दिसताच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने किंवा आडव्या दिशेने दूर जावे. विडी, काडी पेटवू नये. विहिरीवरची मोटर चालू किंवा बंद करू नये, जवळ उभा असलेला ट्रॅक्टर सुरू करू नये. दूर गेल्यावर खांबावरील दूरध्वनी क्रमांकावर आणि ११२ वर कळवावे. खांबावरील क्रमांक आजच घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये भरून ठेवावा.

समारोप

वायुवाहिन्या देशाला हव्या आहेत. त्या नसत्या तर आपल्या युरियाचा बराच भाग आज परदेशातून आणावा लागला असता. परंतु देशाच्या गरजेसाठी शेताचा एक पट्टा देताना शेतकऱ्याने आपला हक्क, आपला कागद आणि आपली माती या तिन्ही गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. यासाठी गावातील ज्यांच्या शेतातून वाहिनी जाणार आहे त्या सर्वांनी एकत्र बसून नकाशा पाहावा, हरकती एकत्रित द्याव्यात व माती वेगळी ठेवण्याची अट सर्वांच्या वतीने लेखी घ्यावी. माती परीक्षण व जमीन सुधारणेबाबत अधिक माहितीसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागाशी संपर्क साधावा.